मूळचे कुठले?

केळापूर, आज

तुम्ही केळापूरला जगदंबेच्या देवळाबाहेर उभे आहात. पांढरकवडा हाकेच्या अंतरावर, नागपूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग शेजारून धावतोय. टपरीवर चहा सांगता तेवढ्यात बाकावरचा एक म्हातारा विचारतो, "कोन्या गावचे जी तुमी?" तुम्ही राहत्या शहराचं नाव सांगता. तो मान हलवतो. "तसं नाई. मूळचे?"

या तालुक्यात हा प्रश्न नुसता गप्पांचा नाही. इथं कोलामांच्या वस्त्या, म्हणजे पोड आहेत, गोंडांची गावं आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत, आणि पैनगंगेपलीकडे तेलुगू सुरू होते. १९७६ च्या कायद्यानं क्षेत्रबंधन उठेपर्यंत विदर्भातल्या आदिवासींची सरकारी ओळख ठरावीक तालुक्यांपुरतीच होती. केळापूर हा त्यांतला एक. केळापूरचा गोंड कागदावर आदिवासी. तोच वर्धा नदी ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात राहायला गेला, की कागदावर कुणीच नाही. रक्त तेच, बोली तीच, देव तेच. नकाशावरच्या एका रेषेनं माणसाचं मूळ पुसून टाकलं होतं.

हा प्रश्न मनात ठेवा आणि माझ्याबरोबर मागे चला. या प्रवासात तुमचं आडनाव आहे नवगावकर.

नवगाव, १७९६

अलिबागच्या उत्तरेला, समुद्राला लागून असलेलं गाव. मुलूख आंग्र्यांचा. तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि आज शनिवार आहे.

बाकीच्या आळ्यांमधून घाण्याची करकर ऐकू येते. तुमच्या आळीत सगळं शांत. बैल दावणीला रवंथ करतोय, चूल कालपासून गार आहे, आई काल रांधलेलं वाढते. तुमच्या घराचा धंदा तेल गाळण्याचा, पण शनिवारी घाणा जुंपायचा नाही. म्हणून अख्खा गाव तुम्हाला "शनवार तेली" म्हणतो. त्यात हिणवणं नसतं. कोण शेतकरी, कोण कोळी, तसे तुम्ही शनवार तेली.

दुपारी आजा तुम्हाला किनाऱ्याकडच्या दफनभूमीत नेतो. तिथं दोन उंचवटे आहेत. गोष्ट तुम्हाला पाठ आहे, तरी तो पुन्हा सांगतो. फार पूर्वी पश्चिमेकडून आलेलं एक गलबत इथल्या खडकांवर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या तगल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी वर आणली. एका उंचवट्याखाली पुरुष पुरले, दुसऱ्याखाली बायका. पोथ्या समुद्रात गेल्या, म्हणून भाषाही गेली.

"मग आपल्याकडं राहिलं काय?" तुम्ही विचारता.

आजा बोटांवर मोजत सांगतो. शनिवार राहिला. मुलाची आठव्या दिवशीची सुंता राहिली. ज्याला खवले नाहीत तो मासा खायचा नाही, हे राहिलं. म्हणून शेजारच्या घरात कोलंबीचं कालवण शिजतं आणि तुमच्याकडे बोईट. आणि राहिली देव एकच आहे असं सांगणारी एक हिब्रू प्रार्थना, 'शेमा'. तिचे शब्द तुम्हाला येतात, त्यांतल्या अक्षरांची ओळख मात्र नाही.

बाकी सगळं या मातीचं. नऊवारी इथली, हळद-मेंदी इथली, मराठी इथली. शेजाऱ्यांसारखं तुम्हीही गोमांस खात नाही. आडनावंसुद्धा गावांवरून पडलेली आहेत. पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर. अशी शंभरावर गावं आडनावांत जपणारा तुमचा समाज स्वतःला म्हणवतो बेने इस्राएल, इस्राएलची लेकरं.

दुसऱ्या दिवशी मचव्यानं मुंबईहून एक नातेवाईक बातमी घेऊन येतो. कंपनी सरकारच्या फौजेतले आपले सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेत सापडले होते. सुटलो तर देवाचं घर बांधीन असा त्यांनी नवस केला होता, आणि तो आता पुरा झाला. मुंबईत मांडवीला आपली पहिली मशीद उभी राहिली आहे. तुमची माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात. तिचं नाव 'शाआर हरहमीम', दयेचं द्वार. मशीद बंदर स्टेशनचं नाव या प्रार्थनास्थळावरून पडलं असं तुमचा समाज पुढे अभिमानानं सांगणार आहे.

आज तुम्हाला कुणी "मूळचे कुठले?" असं विचारलं, तर तुम्ही एका हातानं समुद्र दाखवाल आणि दुसऱ्या हातानं घर. दोन्ही उत्तरं खरी, आणि नवगावात कुणी पुरावा मागत नाही.

मुंबई, १९५०

आता तुम्ही अठ्ठावीस वर्षांचे आहात. घर मांडवीतल्या चाळीत, नोकरी रेल्वेत. शिक्षण माझगावच्या इस्रायली शाळेत. ती हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ मध्ये सुरू केली, पुढे तिला सर एली कदुरींचं नाव लागलं. त्याच किहीमकरांनी समाजाचा इतिहासही लिहून ठेवला. तुमच्या समाजानं मुंबईला महापौर दिला, डॉ. एलिया मोझेस. त्यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मीहून वरळीला जातो. मोशे आणि दाविदाच्या कथा तुम्ही लहानपणी मराठी कीर्तनांत, टाळ-पेटीच्या साथीत ऐकल्या आहेत.

या देशात ज्यू म्हणून तुमच्यावर कधी कुणी हात उचलला नाही. मग देश सोडून निघालात कशाला?

कारण १४ मे १९४८ ला इस्राएल नावाचा देश झाला. कारण ५ जुलै १९५० ला त्या देशानं कायदा केला की जगातल्या कुठल्याही ज्यूला इथं परतून येण्याचा हक्क आहे. कायद्याच्या नावातलाच शब्द आहे, 'परत'. दर वर्षी पासोव्हरच्या सणाच्या रात्री तुमची माणसं जेरुसलेमला जाण्याची आशा बोलून दाखवतात. इंग्रज गेल्यावर रेल्वेतल्या आणि फौजेतल्या नोकऱ्यांचं काय होणार, ही धास्तीही आहेच. पण मुख्य ओढ त्या शब्दाची.

निघण्याच्या आदल्या दिवशी घरी मलिदा आहे. शुभकार्य असो, नवस असो की प्रवास, एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावानं मलिद्याचं ताट मांडल्याशिवाय तुमच्यात पाऊल उचलत नाहीत. ताट नीट पाहून घ्या. भिजवलेले पोहे, त्यात खवलेला नारळ आणि साखर, वरून वेलदोडा. भोवतीनं केळी, खजूर, सफरचंदाच्या फोडी. मध्ये गुलाबाचं फूल. हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, हिब्रूत आशीर्वाद म्हणतो आणि सगळे 'आमेन' म्हणून हात पुढे करतात. जगातल्या दुसऱ्या ज्यू समाजांत हे ताट असं मांडत नाहीत. ज्यात पश्चिमेचा संदेष्टा आणि कोकणचे पोहे एकत्र येतात, असं हे तुमचं एकट्याचं ताट.

आजी नवगावहून मुद्दाम आली आहे. ती तुमच्या हातावर मलिदा ठेवते.

"तिथं कुनी इचारलं मूळचा कुठला, तर काय सांगशील?"

"इस्राएलचा."

"आन् नवगावचा म्हनून नाय सांगायचा?"

तुम्ही हसता. उत्तर देत नाही. विमानात बसल्यावर तो प्रश्न पुन्हा आठवतो.

बीरशेबा आणि तेल अवीव, १९५१

नेगेवच्या वाळवंटाच्या तोंडाशी बीरशेबा. तंबू आणि पत्र्याच्या खोल्या. दिवसा पत्रा तापतो, रात्री वाऱ्यानं वाजत राहतो. नव्या देशात अन्नधान्याचं रेशनिंग आहे. युरोपातल्या छळछावण्यांतून वाचलेले, इराकमधून, मोरोक्कोतून, येमेनमधून आलेले, सगळे याच रांगेत आहेत. देशाची ओढाताण तुम्हाला दिसते आणि कष्टाची तयारीही आहे.

बोचतं ते निराळंच. कामवाटपाच्या खिडकीपाशी बसलेला माणूस तुम्हाला आपापसात बोलताना ऐकतो. त्याच्या कानाला मराठी परकी आहे. तो कागदावर एक शब्द लिहितो. हिब्रूचे धडे गिरवत असल्यामुळे तो तुम्हाला वाचता येतो, 'होदी'. अर्थ, हिंदी माणूस.

ज्यू म्हणजे 'येहुदी'. हिब्रूत हे दोन शब्द लिहिले तर त्यांत एकाच अक्षराचा फरक आहे. 'यूद' नावाचं ते अक्षर वर्णमालेतलं सगळ्यांत लहान, जवळजवळ स्वल्पविरामाएवढं. ते शब्दाच्या आधी असलं की येहुदी, गळालं की होदी. नवगावात तुम्ही शनवार तेली होता, मुंबईत ज्यू होता. जन्मात पहिल्यांदा तुम्ही नुसते हिंदी झालात, तेही मायभूमी म्हणून जिथं आलात तिथं.

मग रांगेतली कुजबूज सुरू होते. चांगली कामं दुसऱ्यांना आणि खडी फोडायचं काम आपल्याला. आपल्या वाट्याला काळा पाव येतो, कारण आपण काळे, असं रांगेतल्या आपल्या माणसांना वाटतं. रेशनचा पाव काळपट होता, देश ओढगस्तीत होता, हे खरं. पण रंगावरून ऐकून घेतलेले शब्दही तुमच्या माणसांनी पुन्हा पुन्हा सांगितले, आणि ते रेशनिंगनं आणलेले नव्हते.

नोव्हेंबरमध्ये बीरशेबाहून निघालेल्या घोळक्यात तुम्हीही आहात. तेल अवीवला, स्थलांतरितांचं काम पाहणाऱ्या ज्यू एजन्सीच्या कचेरीसमोर तुम्ही बायकामुलांसह जमिनीवर बसता. मागणी एकच, आम्हाला परत पाठवा. तुमच्यातल्या कित्येकांनी गांधींच्या देशात सत्याग्रह पाहिलेला आहे, त्यामुळे उपास कसा करायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही. मायभूमीच्या दारात बसून मायभूमीकडेच घरी जाऊ द्या म्हणणारी ही माणसं पाहून येणारे-जाणारे थबकतात. वर्तमानपत्रांत बातम्या येतात.

१९५२ मध्ये तुम्हाला विमानानं मुंबईला परत पाठवलं जातं.

इथं थोडं थांबा, कारण या प्रवासातला सगळ्यांत अवघड क्षण हाच आहे. तुम्ही चाळीचा जिना चढता. खोलीत दुसरं बिऱ्हाड आहे. नोकरीत दुसरा माणूस लागला आहे. शेजारीण प्रेमानं चहा करते आणि विचारते, "किती दिवस राहणार?" तिच्या मनात काही नाही. पण पाहुण्याला विचारायचा प्रश्न तिनं तुम्हाला विचारला. इस्राएलमध्ये तुम्ही हिंदी होता, इथं इस्राएलचे झालात. काही महिन्यांनी तुम्ही ज्यू एजन्सीकडेच पुन्हा इस्राएलला जाण्याचा अर्ज करता. तसं करणारे तुम्ही एकटे नव्हता. परत आलेल्यांतले बरेचजण पुन्हा गेले.

लोकांनी याला धरसोड म्हटलं. ती धरसोड नव्हती. दोन्ही घरांवर हक्क असलेला माणूस दोन्ही दारं ठोठावून बघत होता.

जेरुसलेम, १९६४

तुम्ही बेचाळीस वर्षांचे. हिब्रू सफाईदार झाली आहे. मुलगी इथंच शिकली. शेजारच्या मोरोक्कन घरातला मुलगा तिला पसंत आहे, दोन्ही घरं राजी आहेत. इस्राएलमध्ये ज्यूंची लग्नं रब्बींकडे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडेच नोंदवावी लागतात. तुम्ही नोंदणीला जाता.

रब्बी विचारतात, "बेने इस्राएल?" आणि एक वेगळा कागद काढतात.

१९६१ मध्ये मुख्य रब्बीमंडळानं ठरवलं की बेने इस्राएल ज्यू आहेत आणि त्यांच्याशी लग्नाला हरकत नाही. पण १९६२ च्या फेब्रुवारीत नोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या. बेने इस्राएल कुटुंबातला वर किंवा वधू आली, तर तिच्या आईची, आजीची, त्यामागच्या आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. मधे कुठे परक्याशी संबंध आला का? जुने घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का? शतकानुशतकं हा समाज रब्बींवाचून राहिला, म्हणून शंका.

कागदावरच्या रिकाम्या ओळी तुमच्यासमोर आहेत. आईचं नाव तुम्ही लिहिता. तिच्या आईचं लिहिता. तिच्या आईचं नाव काय होतं? सगळे तिला बाय म्हणायचे. त्याच्या मागे? तुमच्या डोळ्यांसमोर नवगावचे ते दोन उंचवटे येतात. त्यांवर एकही नाव कोरलेलं नाही. जो समाज फुटलेल्या गलबतातून वाचला, त्याच्याकडे गलबताच्या आधीचे कागद मागितले जात होते.

शेजारच्या टेबलापाशी दुसरं एक जोडपं बसलं आहे. घराणं युरोपातलं. त्यांना दोन साक्षीदार विचारले जातात आणि काम होतं. तिथं तुम्हाला राग येतो. चौकशीचा नव्हे, ती फक्त तुमचीच आहे याचा.

त्या उन्हाळ्यात तुम्ही जेरुसलेममध्ये ज्यू एजन्सीच्या आवारात धरणं धरून बसता. या वेळी मागणी परत पाठवण्याची नाही. या वेळी तुम्ही म्हणता, आम्ही इथलेच आहोत आणि तसं लिहून द्या. १७ ऑगस्ट १९६४ ला सुट्टीवर असलेल्या क्नेसेतचं, म्हणजे इस्राएलच्या संसदेचं, खास अधिवेशन भरतं. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांचं सरकार आणि संसद जाहीर करतात की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, हक्कांत कुणाहून कमी नाहीत. महिनाअखेरीला रब्बीमंडळ सूचना बदलतं. त्यातून 'बेने इस्राएल' हे शब्द जातात. ज्याच्याविषयी शंका असेल अशा कुणाचीही चौकशी करावी, असं लिहिलं जातं.

बदल केवढा? दोन शब्द काढले गेले. पण ते दोन शब्द काढायला अडीच वर्षं लागली, आणि ते गेले तेव्हाच 'होदी'च्या आधीचं हरवलेलं लहानसं 'यूद' परत जागेवर आलं.

दिमोना, आज

आता नवगावकरांची नात तुम्ही आहात. दिमोना १९५५ मध्ये वाळवंटात वसलं. इथं, बीरशेबात, लोदला, अश्दोदला मराठी घरं आहेत. हजारो घरांतली ही भाषा. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक या देशात १९८० च्या दशकात सुरू झालं. नव्या वर्षाला गव्हाचा चीक काढून, नारळाच्या दुधात घोटून चीकहलवा होतो. तुमच्या आईला हिब्रू आणि मराठी सारखीच येते. तुम्हाला मराठी कळते, पण बोलताना अडखळता. लग्नाआधी मेंदी होते आणि मलिद्याचं ताट मांडलं जातं. पोहे पाकिटातले, पण हात फिरवण्याची रीत आजीची.

२०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी बेने इस्राएलांच्या जनुकांचा अभ्यास छापला. त्यांच्या वंशात मध्यपूर्वेतले ज्यू पूर्वज आहेत आणि भारतीय पूर्वजही, दोन्ही भरपूर, असा निष्कर्ष निघाला. तुम्ही तो वाचता तेव्हा नवगावची पोरं आठवतात, एका हातानं समुद्र आणि दुसऱ्या हातानं घर दाखवणारी. आजाला हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. तोवर महाराष्ट्रात उरले होते काही हजार.

परतून आलेल्यांना अडवणारं असंच दार दक्षिण कोरियातल्या सोलमध्येही आहे. तिथल्या देरिम-दोंग भागात चीनमधल्या यानब्यानहून आलेली कोरियन वंशाची माणसं खानावळींत राबतात, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतात. आजा-पणजा दुष्काळ आणि जपानी राजवटीमुळे कोरियातून चीनकडे गेलेले. भाषा कोरियनच, पण उच्चार ऐकला की समोरचा ओळखतो, आणि त्यांना चिनी म्हटलं जातं. १९९९ मध्ये दक्षिण कोरियानं परदेशस्थ कोरियनांसाठी कायदा केला. त्यात अमेरिकेतले बांधव सहज बसले आणि १९४८ पूर्वी देश सोडून गेलेल्यांची नातवंडं बाहेर राहिली. २००१ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं हा भेद घटनेविरुद्ध ठरवला, २००४ मध्ये कायदा सुधारला गेला. समुद्र दुसरा, भाषा दुसरी. अपमानाची घडण तीच, मूळ मान्य, पण तुमचं मूळ जरा जास्त तपासून.

केळापूर, पुन्हा

चहा गार झाला आहे. म्हातारा अजून उत्तराची वाट बघतोय.

तपासणी नकोच, असं मी म्हणणार नाही. केळापूरच्या कोलाम पोराची जागा खोटा दाखला काढून दुसरा कुणी पळवत असेल, तर तो दाखला तपासलाच पाहिजे, कडक तपासला पाहिजे. पण एक कसोटी नवगावकरांच्या प्रवासानं हातात दिली आहे. शंका एका माणसाच्या खोटेपणावर असेल आणि नियम सगळ्यांना सारखा असेल, तर ती छाननी. शंका अख्ख्या समाजाच्या नावावर लिहिलेली असेल, तर ती छाननी नव्हे, अवहेलना. जेरुसलेमला ते दोन शब्द काढावे लागले. सोलला न्यायालयाच्या निकालानंतर १९४८ ची ती अट बदलावी लागली. इथं १९७६ च्या कायद्यानं तालुक्याची रेषा पुसली गेली.

तुमच्या गावातही कुणीतरी असेल. पोडावरून आलेला, तांड्यावरून आलेला, ऊस तोडायला दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला, किंवा दोन पिढ्यांनी परत आपल्या गावी आलेला. त्याला "मूळचे कुठले?" जरूर विचारा. हा आपल्या मातीतला आपुलकीचा प्रश्न आहे. तो उत्तर देईल. त्याच्या उत्तरात दोन गावं असली तर दोन्ही ऐकून घ्या, आणि त्याच्यासाठी चहा सांगा.